शॉर्टफॉर्म आधी मोठ्याने वाचून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शाळा मराठी मीडियमची, आता पुण्यात एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत नोकरी, इंग्रजीत रिपोर्ट लिहावे लागतात, आणि सिनियरने पहिल्याच मोठ्या रिपोर्टवर चार लाल शेरे मारलेत. 'अ एमबीए' चुकीचं, टेबलमधलं 'केजीएस' चुकीचं, 'इट्स'मधला ॲपॉस्ट्रॉफी चुकीचा, आणि 'नासा ही ॲक्रोनिम आहे, आरबीआय नाही'. म्हणून तुम्ही विचारताय की ॲब्रिव्हिएशन, ॲक्रोनिम, इनिशिअलिझम, काँट्रॅक्शन, क्लिपिंग ह्या सगळ्यांच्या व्याख्या कुणी नीट देईल का, पाठ करून टाकतो.

व्याख्या देतेच, पण खरं सांगू का, त्या पाठ करून पहिले तीन शेरे जाणार नाहीत. कारण ते तीन शेरे नावांबद्दल नाहीतच. अडचण अशी आहे की आपण इंग्रजी शॉर्टफॉर्म डोळ्यांनी शिकलो, पाटीवर, फॉर्मवर, टाइमटेबलवर बघून, आणि त्यांचे बहुतेक नियम मात्र तोंडातून काय बाहेर पडतं त्यावर ठरतात. मी एकवीस वर्षं इंग्रजी कॉपी-एडिटिंग करतेय, जास्त करून इंजिनिअरिंग आणि मेडिकलचे रिपोर्ट, आणि प्रत्येक शॉर्टफॉर्मला मी दोनच प्रश्न विचारते: हा वाचताना मी नक्की काय वाचते, आणि ह्यातलं काय कापलंय. ह्या दोन प्रश्नांवर ऐंशी टक्के गोष्टी सुटतात. उरलेल्या तुमच्या कंपनीच्या पद्धतीवर अवलंबून आहेत, त्या कुठल्या ते पुढे येईलच.

आधी मराठीतनं बघू, कारण हे आपल्याला येतं, फक्त येतं हे माहीत नसतं. पत्त्यात आपण 'मु. पो.', 'ता.', 'जि.' लिहितो, पण वाचताना 'मुक्काम पोस्ट', 'तालुका', 'जिल्हा' असं पूर्ण वाचतो. 'भाजप' किंवा 'मनसे' मात्र आहे तसं शब्दासारखं वाचतो, कुणी 'भा ज प' असं तोडून म्हणत नाही. म्हणजे लिहिताना छोटं पण वाचताना पूर्ण हा एक प्रकार झाला, आणि लिहिताना छोटं, वाचतानाही छोटंच, तेही शब्दासारखं, हा दुसरा. इंग्रजीत ह्यात तिसरा एक मिसळतो, अक्षरांची नावं एकेक करून वाचणं, जसं बीबीसी, आरबीआय, एफआयआर. मराठीत हा प्रकार कमी दिसतो कारण आपण अक्षर म्हणजे आख्खा उच्चार कापतो, 'भा' हा म्हणता येतो. इंग्रजीत नुसतं लेटर कापलं जातं, आणि 'आर-बी-आय'चा काही केल्या म्हणता येईल असा शब्द होत नाही म्हणून लेटरची नावंच म्हणावी लागतात.

आता नावं लावू. ॲब्रिव्हिएशन ही सगळ्यांची मोठी छत्री, कुठलाही शॉर्टफॉर्म तिच्याखाली येतो. लेटरची नावं वाचतात ते इनिशिअलिझम, म्हणजे आरबीआय, एमबीए, एसएमएस. पहिली अक्षरं जोडून शब्दासारखं वाचतात ती ॲक्रोनिम, म्हणजे नासा, इस्रो, युनेस्को, सेबी, आणि मुंबईची बेस्ट. तुमचे सिनियर ह्या काटेकोर अर्थाने बरोबर आहेत. पण बरेच इंग्रजी भाषक, आणि काही डिक्शनऱ्यासुद्धा, दोन्हींना सरसकट ॲक्रोनिमच म्हणतात. त्यामुळे चौथा शेरा मी असते तर मारला नसता. नाव काय द्यायचं ह्यावर वाद घालण्यापेक्षा कसं वाचायचं ते ठरवा, कारण खरा फरक तिथे पडतो.

कसा पडतो बघा. 'अ' की 'ॲन'. शाळेत शिकवतात की पुढे ए, ई, आय, ओ, यू आलं तर 'ॲन'. हा नियम लेटरचा नाहीच, उच्चाराचा आहे, आणि इथे मराठी मीडियमवाल्यांकडे एक सोन्यासारखी सोय आहे जी मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी सांगते: शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिला उच्चार स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. एमबीए कसं लिहाल? 'एम', सुरुवात 'ए'ने, म्हणजे स्वर, म्हणून 'ॲन एमबीए'. तसंच ॲन एफआयआर, ॲन एनजीओ, ॲन आरटीओ ऑफिसर, ॲन एचएससी सर्टिफिकेट, ॲन एक्स-रे. उलट यूपीएससी, सुरुवात 'य'ने, व्यंजन, म्हणून 'अ यूपीएससी कँडिडेट', लेटर यू असलं तरी. इंग्रजीच्या २६ लेटरपैकी ज्यांचं नाव स्वराने सुरू होतं अशी १२ आहेत: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. पाठच करायचं असेल तर हे करा. आणि ही युक्ती साध्या शब्दांनाही चालते. 'अवर' म्हणजे तास, स्वर, ॲन. 'युनिव्हर्सिटी', य, अ. 'वन-डे मॅच', व, अ.

आता एनजीओ आणि नासा दोन्ही एन लेटरने सुरू होतात, पण 'ॲन एनजीओ' आणि 'अ नासा सायंटिस्ट', कारण नासा शब्दासारखं वाचतो आणि तिथे पहिला उच्चार 'न' आहे. म्हणून म्हणते, आधी मोठ्याने वाचा. काही शॉर्टफॉर्म दोन्ही प्रकारे वाचले जातात. डेटाबेसवाले एसक्यूएलला 'सिक्वल'ही म्हणतात, मग एक जण 'ॲन एसक्यूएल क्वेरी' लिहितो आणि दुसरा 'अ सिक्वल क्वेरी' मनात धरून फक्त 'अ' लिहितो, आणि दोघंही बरोबर. इथे ऑफिसमध्ये एकदा ठरवून घ्यायचं आणि पूर्ण रिपोर्टभर तेच ठेवायचं. अर्धं-अर्धंवाले पण आहेत, सीडी-रॉममध्ये सीडी लेटरने आणि रॉम शब्दाने, जेपेगमध्ये 'जे' लेटर आणि 'पेग' शब्द. त्यांना प्रकार कुठला म्हणून अडून बसू नका, वाचा आणि पुढे चला.

ह्याच वाचण्यावर 'द' पण बरंच ठरतं, जे फारसं कुणी सांगत नाही. संस्थेचं नाव लेटरने वाचत असाल तर सहसा 'द' लागतो: द आरबीआय, द यूएन, द बीबीसी, द एमपीएससी. शब्दासारखं वाचत असाल तर सहसा लागत नाही: नासा, इस्रो, सेबी, युनेस्को, नाटो. कंपन्या आणि कॉलेजं ह्यातून सुटतात, टीसीएस किंवा एमआयटीला कुणी 'द' लावत नाही. हा नियम शंभर टक्के नाही, पण तुमच्या रिपोर्टमध्ये 'द इस्रो' असं असेल तर ते आधी काढा, वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

ॲक्रोनिमचं आयुष्य पण बघण्यासारखं असतं. ॲक्रोनिम हा शब्दच इंग्रजीत १९४०च्या दशकात रूढ झाला, त्याच सुमाराला युद्धामुळे असे शब्द भराभर तयार होत होते. रडार हे 'रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग'चं रूप, १९४० मध्ये अमेरिकन नौदलाने वापरात आणलं. आज ते सगळं स्मॉल लेटरमध्ये लिहितात आणि त्यात काही कापलंय हे कुणाच्या मनातही येत नाही. लेझरचं तेच, तारकर्लीला जाऊन लोक स्कूबा करून येतात त्या स्कूबाचंही तेच, 'सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस'. मधल्या टप्प्यावर असलेल्या शब्दांत गोंधळ होतो. बीबीसीच्या बातमीत नासाचं फक्त पहिलं लेटर कॅपिटल दिसतं, अमेरिकन पेपरात चारही कॅपिटल. दोन्ही बरोबर, प्रश्न फक्त तुमचा क्लायंट कुठला हा.

कधी कधी तर फुलफॉर्म जातो आणि लेटरंच उरतात. मुंबईचं व्हीजेटीआय म्हणजे आधी 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट', आणि १९९७ पासून 'वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट'. नाव पूर्ण बदललं पण चार लेटर तीच राहिली, आणि माझ्या मते नामांतर असं विचारपूर्वक केलेलं फार कमी वेळा बघायला मिळतं. तुमच्या कामाच्या दृष्टीने ह्यात एक गोष्ट आहे: जुन्या कागदपत्रांवरून फुलफॉर्म उचलताना आजचा काय आहे ते तपासा.

टिंबाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. इथे 'काय कापलंय' हा दुसरा प्रश्न कामाला येतो. ब्रिटिश पद्धतीत शब्दाचं मधलं कापून शेवटचं लेटर शिल्लक ठेवलं असेल तर टिंब देत नाहीत, म्हणून डॉक्टरचं डीआर, मिस्टरचं एमआर, लिमिटेडचं एलटीडी, तिन्ही बिनटिंबाचे. शेपूट कापलं असेल तर टिंब, म्हणून 'प्रोफ.' ला टिंब. अमेरिकन पद्धतीत दोन्हींना टिंब. आपल्याकडे दोन्ही चालतात आणि एकाच पानावर दोन्ही दिसतात, ते मात्र चालत नाही. इनिशिअलिझममध्ये आता बहुतेक ठिकाणी टिंबं गेलीत, एमबीए नुसतं. आणि जिथे काही कापलंच नाही तिथे टिंब द्यायचं कारणच नाही. इंग्रजीत 'श्री' लिहून पुढे टिंब देतात, लग्नपत्रिकेपासून सरकारी पत्रापर्यंत सगळीकडे, पण तो पूर्ण शब्द आहे. 'श्रीमती'चं एसएमटी हे कापलेलं आहे, तिथे टिंब ठीक. 'मिस'ला नाही, आणि मे महिन्यालाही नाही.

इथेही वाचून बघायची परीक्षा चालते. 'प्रोफ.' टिंबासकट लिहिलं की आपण 'प्रोफेसर' असं पूर्ण वाचतो. पण कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं 'आमचा प्रॉफ' म्हणतात तो प्रॉफ बिनटिंबाचा, कारण तो आता स्वतंत्र शब्द झालाय. ह्यालाच क्लिपिंग म्हणतात. एक्झॅम, लॅब, जिम, फोटो ह्यांचं शेपूट कापलंय. फोनचं डोकं कापलंय, टेलिफोनमधलं 'टेलि' गेलं. बसचं पण डोकंच, मूळ लॅटिन 'ऑम्निबस' म्हणजे 'सगळ्यांसाठी', त्यातली शेवटची नुसती विभक्ती उरली आणि तीच आज रस्त्यावर धावते. फ्लूचं डोकं आणि शेपूट दोन्ही, 'इन्फ्लुएन्झा'च्या मधला तुकडा. हे सगळे पूर्ण शब्द, ह्यांना ना टिंब ना ॲपॉस्ट्रॉफी. असं कापण्यावरून लोक फार पूर्वीपासून चिडत आलेत, १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने एका लेखात अशा अर्धवट शब्दांबद्दल तक्रार केली होती आणि 'मॉब' हा त्यातलाच एक शब्द, लॅटिन 'मोबिले व्हल्गस'चा तुकडा. आज 'मॉब' हा शब्द कुणाला खटकतही नाही. म्हणून कुठलं क्लिपिंग रिपोर्टमध्ये चालेल हे काळावर आणि वाचणाऱ्यावर आहे. लॅब, फोटो, फोन बिनधास्त लिहा. 'इन्फो' किंवा 'रिक्वायर्ड'चं 'रेक्ड' रिपोर्टमध्ये नको, साइटवरच्या डायरीत ठीक आहे.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घ्या: पूर्ण वाचतो ते नुसतं लिखाणातलं संक्षेप, लेटरने वाचतो ते इनिशिअलिझम, शब्दासारखं वाचतो ते ॲक्रोनिम, आणि बोलतानाही तुकडाच म्हणतो ते क्लिपिंग. काँट्रॅक्शन राहिलं, ते पुढे घेते, कारण आधी तुमचा 'केजीएस'.

तो शेरा चारातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही हलक्यात घेऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. किलोग्रॅमचं केजी, किलोमीटरचं केएम, ही ॲब्रिव्हिएशन नाहीत, सिम्बॉल आहेत, प्लस-मायनससारखी. त्यांना अनेकवचन नसतं, टिंब नसतं (वाक्य संपलं तर वाक्याचं), आणि आकडा आणि सिम्बॉल ह्यांच्या मध्ये एक स्पेस असते. ५ असो की ५०००, केजीच. ग्रॅमचं नुसतं जी, 'जीएम' नाही. सेकंदाचं नुसतं एस, 'सेक' नाही. आणि कॅपिटल-स्मॉल बदलायची मुभा अजिबात नाही. माझ्याकडे एकदा सोलर प्लँटचं प्रपोजल आलं होतं, पूर्ण रिपोर्टमध्ये क्षमता लिहिताना स्मॉल एम आणि कॅपिटल डब्ल्यू. तो मिलिवॅट झाला. हवा होता मेगावॅट, दोन्ही लेटर कॅपिटल. फरक शंभर कोटी पट. वाचणाऱ्याला संदर्भाने कळलं असतं हे खरं, पण जो माणूस वीज प्रकल्पाच्या प्रपोजलमध्ये एकक चुकतो त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवला नसता. कॅपिटल के हा केल्विनचा, तापमानाचा, म्हणून कॅपिटलमधलं 'केजी' पण चूक, कितीही दुकानांच्या पाट्यांवर असलं तरी.

मेडिकलमध्ये तर ह्याने माणसाच्या जिवाला धोका होतो. इन्सुलिनच्या डोसपुढे युनिटसाठी नुसतं यू लिहिलं की घाईतल्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि डोस दहापट वाचला जातो. म्हणून अमेरिकेत हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा शॉर्टफॉर्मची यादी काढली, त्यात हे यू आहे, आणि आकड्यामागे पॉइंट देऊन लावलेलं रिकामं शून्यही आहे. आपल्याकडे चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांचे डॉक्टर ओडी लिहितात तेव्हा लॅटिनमध्ये उजवा डोळा. टीडीएस घ्या. डॉक्टरकडे दिवसातून तीनदा, सीएकडे उगमातच कापलेला कर, आणि पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार. तिघांचंही बरोबर आहे. म्हणूनच पहिल्यांदा वापरताना फुलफॉर्म लिहायचा, पुढे कंसात शॉर्टफॉर्म, आणि त्यानंतर शॉर्टफॉर्मच. पूर्ण रिपोर्टमध्ये दोनदाच येणार असेल तर शॉर्टफॉर्म करूच नका, वाचणाऱ्याच्या डोक्यावर उगाच एक ओझं. आणि शॉर्टफॉर्म कॅपिटल आहे म्हणून फुलफॉर्म कॅपिटल करायचा नसतो. 'मॅग्नेटिक रेझोनन्स इमेजिंग' हे विशेषनाम नाही, ते सगळं स्मॉल.

ॲपॉस्ट्रॉफी. तुमची चूक सगळ्यात कॉमन आहे आणि ती दुरुस्त करायला सोपी आहे. काँट्रॅक्शन म्हणजे दोन शब्द बोलताना एकत्र आले आणि मधलं काही गळलं, जे गळलं त्या जागेवर ॲपॉस्ट्रॉफी. डू नॉटचं डोन्ट, दे आरचं देअर, ओ'क्लॉक म्हणजे 'ऑफ द क्लॉक'. तर 'इट्स' लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी द्यायचा की नाही ह्यासाठी त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. वाक्य नीट वाचलं गेलं तर द्या. 'द पंप लॉस्ट इट इज प्रेशर' कसं वाटतं? नाही ना, मग तिथे ॲपॉस्ट्रॉफी नाही, तो मालकी दाखवणारा 'इट्स', आपला 'त्याचा'. 'हिज', 'हर्स'मध्ये कुठे असतो ॲपॉस्ट्रॉफी, तसंच हे. 'शुड हॅव'चं आखूड रूप कानाला 'शुड ऑफ'सारखं ऐकू येतं आणि बरेच इंग्रज सुद्धा तसं लिहितात. इथे फक्त कानावर भागत नाही, त्याचे मूळ दोन शब्द मनात आणायचे. आणि चॅटवर 'यस, आयम' असं एवढंच उत्तर देतात, ते होत नाही. वाक्य तिथेच संपत असेल तर 'आय ॲम' तोडूनच लिहायचं, कारण जोर त्या 'ॲम'वर आहे आणि जोर दिलेला शब्द गळत नाही.

रिपोर्टमध्ये डोन्ट, कान्ट चालतं का? इथे क्लायंटवर आहे. ईमेलमध्ये अगदी लिहा, 'डू नॉट'ने भरलेला ईमेल रागावल्यासारखा वाटतो. टेक्निकल रिपोर्टमध्ये सहसा नको. आणि सेफ्टीच्या सूचनांमध्ये तर कधीच नको. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटच्या लेखन-नियमांतही म्हटलंय की कान्ट, डोन्टसारखी नकारार्थी काँट्रॅक्शन टाळा, कारण अनेकांना ती वाचायला अवघड जातात आणि उलटा अर्थही घेतला जातो. पॅनेलवर चिकटवायच्या सूचनेत 'नॉट' हा शब्द पूर्ण, वेगळा, डोळ्यात भरेल असा हवा. इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेला ऑपरेटर ती रात्रपाळीत वाचणार असतो.

अनेकवचनात ॲपॉस्ट्रॉफी नाही. दोन आमदार म्हणजे एमएलएला नुसता एस. आमदाराची गाडी असेल तर ॲपॉस्ट्रॉफी आणि एस. सीडी, एनजीओ, १९९०चं दशक, सगळ्यांना हेच. पानांसाठी मात्र एक जुनी लॅटिन रीत शिल्लक आहे, एका पानाला एक पी आणि टिंब, अनेक पानांना दोन पी आणि टिंब. आपण मराठीत दोन्हींना 'पृ.' लिहितो म्हणून हे विसरायला होतं.

लॅटिनचा विषय निघालाच आहे तर ई.जी. आणि आय.ई. ही अदलाबदल तुमच्या प्रश्नातल्या नमुन्यातच मला दिसली. ई.जी. म्हणजे आपलं 'उदा.', आणि आय.ई. म्हणजे 'म्हणजे'. मनात मराठी शब्द ठेवून बघा, चुकणं शक्यच नाही. 'फळझाडं, उदा. आंबा, चिकू' इथे ई.जी. 'फळांचा राजा, म्हणजे आंबा' इथे आय.ई. एटसेटरा म्हणजे 'आणि बाकीचे', त्यात 'आणि' आहेच, म्हणून 'अँड एटसेटरा' नको, आणि 'उदा.'ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटीही नको, कारण उदाहरणं म्हटलं की बाकीचे आहेत हे आलंच. वाक्य एटसेटराने संपलं तर टिंब एकच. पत्राखालचं पीएस म्हणजे थेट आपलं ता.क.

'पिन नंबर', 'एटीएम मशीन', 'आयएफएससी कोड' ह्यांत शेवटचा शब्द दोनदा येतो. बोलताना मी स्वतः पिन नंबर म्हणते, त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण नुसतं 'पिन' म्हटलं तर टाचणी पण वाटू शकते. रिपोर्टमध्ये मात्र काढा. पत्त्यातला पिन म्हणजे 'पोस्टल इंडेक्स नंबर', तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत आख्खा देश बसवणारा माणूस आपल्या मराठी मातीतला होता हे मला प्रत्येक पत्ता लिहिताना आठवतं आणि फार बरं वाटतं.

सरकारी फॉर्ममधल्या स्लॅशवाल्या शॉर्टफॉर्मना जपा. आपल्याकडे डब्ल्यू-स्लॅश-ओ म्हणजे 'वाइफ ऑफ'. परदेशी क्लायंट तेच 'विदाउट' असं वाचतो. तसंच 'डब्ल्यू.ई.एफ.', अमुक तारखेपासून लागू, हे आपल्या ऑफिसांत रोजचं आहे, बाहेरच्याला 'फ्रॉम' लिहा.

ब्लेंड, म्हणजे दोन शब्दांचे तुकडे जोडून तिसरा, ह्यात चुकण्यासारखं काही नाही म्हणून पटकन सांगते. ब्रंच, मोटेल, मोडेम, पिक्सेल, आणि स्मॉग, जो १९०५ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने धूर आणि धुकं जोडून मांडला. हे सरळ शब्द म्हणून वापरा.

एक कळकळीची विनंती, व्हॉट्सॲपवर फिरणारे फुलफॉर्म रिपोर्टमध्ये किंवा ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये घालू नका. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ नाही, तो 'न्यू'वरून आलाय. एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा मोर्समधला सिग्नल ओळखायला सोपा म्हणून १९०६च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारला गेला, अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला. ओके मात्र खरंच शॉर्टफॉर्म आहे, १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून गमतीने छापलेला. आणि ओएमजी हे आजच्या पोरांचं नाही, १९१७ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल फिशर ह्यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे. माझा अनुभव असा की विसाव्या शतकाआधीच्या जुन्या शब्दाचा कुणी गोड फुलफॉर्म सांगितला तर तो बहुतेक वेळा बनवलेला निघतो.

आता तुमच्या रिपोर्टचं. सिनियरला आधी विचारून घ्या की कंपनीचं स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, टिंबांचं त्यावरून ठरेल. मग प्रिंटआउट काढा आणि एका खोलीत बसून शॉर्टफॉर्म आलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा, 'अ' आणि 'ॲन' तिथल्या तिथे कळतील. 'इट्स' कॉम्प्युटरवर सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी 'इट इज' वाचून बघा. वजनाच्या टेबलमध्ये केजी कॉलमच्या हेडिंगला एकदाच लिहा आणि खालच्या रांगांमध्ये नुसते आकडे ठेवा. एखादं वाक्य अडलं तर इथेच टाका, मी रात्री बघते.